नकाशाच्या कोपऱ्यातील चित्र

१/
कोराडीच्या तलावाकाठी उभे राहिले की दोन गोष्टी नजरेत भरतात. एका बाजूला महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर, दुसऱ्या बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात तलाव निळ्या रंगाने दाखवतात, वस्ती लाल रंगाने, आणि मंदिरासाठी एक इवलीशी खूण असते. ती खूण म्हणजे खरे तर एक चित्रच. ते कोणी काढले, हा प्रश्न मात्र नकाशा पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. नकाशा मोजणी करणाऱ्याचा, अशीच सर्वांची समजूत असते.

या धाग्यात मोजणी थोडी बाजूला ठेवून नकाशावरच्या चित्रांकडे पाहायचे आहे. ती कोण काढतो, कोणाच्या सांगण्यावरून काढतो आणि त्यातून काय पसरते?

२/
प्रारंभ १७८२ सालच्या एका नकाशापासून करावा लागेल. नाव ‘हिंदुस्तान’, कर्ता जेम्स रेनेल, प्रकाशनस्थळ लंडन. भारतीय उपखंडाचा त्या काळातला हा सर्वांत महत्त्वाचा इंग्रजी नकाशा.

त्याचे प्रमाण होते विषुववृत्तावरील एका अंशाला एक इंच, म्हणजे साधारण १११ किलोमीटरला एक इंच. नागपूर त्यावर आहे. पण कोराडी नागपूरपासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर. या नकाशावर तेवढे अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर भरते. नागपूरच्या नावातील एका अक्षराखाली सगळे कोराडी झाकले जावे, असा तो हिशेब.

जिथे एका गावाला अडीच मिलिमीटरही मिळत नाहीत, तिथे नकाशाच्या कोपऱ्यात एका चित्राला मात्र ऐसपैस जागा दिलेली आहे.

३/
चित्राकडे वळण्यापूर्वी रेनेलविषयी थोडे. जन्म १७४२. १७६७ ते १७७७ या काळात तो बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. बंगालच्या नद्या आणि रस्ते त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजले. १७७७ मध्ये तो भारत सोडून गेला.

दख्खन त्याने पाहिले नव्हते. बंगालबाहेरचा बराचसा हिंदुस्तान त्याने लंडनमध्ये बसून जुळवला: फ्रेंच भूगोलकार दान्व्हिल याचा १७५२ चा नकाशा, सैन्याच्या कूचाच्या नोंदी, प्रवाशांची टिपणे, खलाशांची निरीक्षणे. कर्नल गॉडार्डची फौज १७७८-७९ मध्ये काल्पीहून सुरतेकडे निघाली, तेव्हा तिच्या वाटेवरचा प्रदेशही इंग्रजांच्या कागदावर आला. नागपूरच्या पूर्वेकडील अरण्यप्रदेशाबद्दल मात्र माहिती फार तुटपुंजी होती.

रेनेलच्या प्रामाणिकपणाबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पुण्याचे मराठे आणि नागपूरचे मराठे यांच्या सत्ता त्याने वेगवेगळ्या ओळखल्या. नकाशाच्या मुख्य भागात त्याने मराठ्यांना पुसून टाकलेले नाही.

४/
आता तो कोपरा. नकाशाचे शीर्षक सजवण्यासाठी त्या काळी एक चित्रचौकट काढत असत. रेनेलच्या नकाशावरील या चौकटीत ब्रिटानिया उभी आहे, म्हणजे स्त्रीरूपातील ब्रिटन. तिच्यासमोर ब्राह्मण पंडित आहेत. ते आपली शास्त्रे तिच्या हाती सोपवत आहेत.

रेनेलने नकाशासोबत एक स्मरणिका छापली होती. तीत त्याने या चित्राचा अर्थ स्वतःच सांगितला आहे. पंडित आपले पवित्र ग्रंथ ब्रिटानियाच्या स्वाधीन करतात आणि ती त्यांना आश्रय देते. संदर्भ १७८१ सालचा: बंगालच्या रहिवाशांसाठी ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या हस्तक्षेपाचा.

५/
म्हणजे चित्र निव्वळ कल्पनेतून आलेले नव्हते. त्यामागे एक खरी घटना होती.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की वारसा, विवाह अशा बाबींत हिंदूंना त्यांच्या शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना त्यांच्या शरियतीप्रमाणे न्याय द्यावा. पण इंग्रज न्यायाधीशांना संस्कृत येत नव्हते. तेव्हा अकरा पंडितांकडून ‘विवादार्णवसेतु’ हा ग्रंथ तयार करवून घेण्यात आला. संस्कृतातून त्याचा फारसी अनुवाद झाला आणि फारसीवरून नॅथॅनियल हॅलहेडने तो इंग्रजीत आणला. हे इंग्रजी पुस्तक १७७६ मध्ये छापले गेले. पुढे कलकत्त्याचे सर्वोच्च न्यायालय आणि कंपनी यांच्यात अधिकारांवरून तंटा माजला. त्यावर तोडगा म्हणून १७८१ चा कायदा आला. त्याने हिंदू-मुसलमानांच्या या कायदेशीर प्रथांना मान्यता दिली.

इथवर सारे दप्तरात सापडणारे आहे. चित्राने त्यात एक लहानसा फेरफार केला. पंडितांनी ग्रंथ रचला तो कंपनीच्या फर्मानावरून. चित्रात मात्र ते स्वेच्छेने पुढे येतात आणि तो अर्पण करतात.

६/
दुसरा फेरफार याहून मोठा आहे, आणि तो चित्रात शोधून सापडत नाही. तो चित्र कुठे लावले यात आहे.

१७८१ चा कायदा कंपनीच्या ताब्यातील बंगाल इलाख्यापुरता. चित्र मात्र ज्या नकाशाच्या कोपऱ्यात बसवले त्याचे नाव ‘हिंदुस्तान’. कोपऱ्यातील पंडित त्यामुळे आपोआप पुण्याचे झाले, नागपूरचे झाले, रामटेकचेही झाले.

१७८२ मध्ये नागपूरच्या गादीवर दुसरे रघुजी भोसले होते आणि कारभार त्यांचे वडील मुधोजी पाहत. कटक भोसल्यांच्या ताब्यात होते. कलकत्त्याहून मद्रासकडे जमिनीवरून फौज न्यायची तर कंपनीला भोसल्यांचा मुलूख ओलांडावा लागे. १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची तुकडी त्या वाटेने गेली, तेव्हा मुधोजींचे पुत्र चिमणाजी कटकेत मोठ्या सैन्यानिशी होते. त्यांना शांत राखण्यासाठी हेस्टिंग्जला पैसे मोजावे लागले.

आणि १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला. साष्टी राखून वसईसह जिंकलेला बराच मुलूख कंपनीने पेशव्यांना परत केला. ज्या वर्षी लंडनच्या कागदावर हिंदुस्तानची शास्त्रे ब्रिटानियाच्या हाती पडली, त्याच वर्षी हिंदुस्तानात ब्रिटानिया मराठ्यांना किल्ले परत करत होती.

७/
हे चित्र योजले एडवर्ड एडवर्ड्स या इंग्रज चित्रकाराने आणि ताम्रपटावर कोरले जे. हॉल याने. एडवर्ड्स पुढे रॉयल अकादमीत यथार्थदर्शन शिकवत असे. त्याने भारत कधीच पाहिला नव्हता.

त्याला खोटारडा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यात न्याय नाही. कामाची रीतच तशी होती. नकाशाकार आशय सांगे, चित्रकार त्याला रूप देई, कोरक्या ते रूप तांब्यावर उलटे कोरी, म्हणजे कागदावर ते सुलट उमटे. पंडित कसे दिसतात हे एडवर्ड्सला ठाऊक असण्याची गरज नव्हती. ते काय करताना दिसले पाहिजेत, एवढे ठाऊक असले की पुरे. आजही एखाद्या लेखासाठी चित्र मागवले जाते, तेव्हा चित्रकाराला बहुधा विषय आणि मुदत मिळते. ती जागा पाहून येण्याइतका वेळ क्वचितच मिळतो.

८/
याच सुमारास इकडे पुण्यात दुसरा एक चित्रकार इंग्रजांच्याच सांगण्यावरून काम करत होता. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. लंडनचे ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले, आणि पुण्याच्या या चित्रकाराच्या नावातच तांब्याचा धंदा होता.

चार्ल्स मॅलेट १७८६ ते १७९७ या काळात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि मॅलेटच्या पुढाकाराने, पेशव्यांच्या संमतीने तिथे चित्रशाळा निघाली. गंगाराम त्याच वर्तुळातला. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा काढला. कार्ले आणि वेरूळ येथील लेण्यांची चित्रे केली.

वेरूळवरील मॅलेटचा लेख १७९९ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. विद्वानांच्या नियतकालिकासाठी स्थळाची चित्रे हवीत, म्हणून ती काढून घ्यायची: आजच्या भाषेत हे संपादकीय काम. फरक एवढाच की हा चित्रकार कातळासमोर उभा होता.

९/
गंगारामाला संत करण्याचेही कारण नाही. त्याचाही गिऱ्हाईक इंग्रजच. कोणते लेणे काढायचे, हे ठरवण्यात मॅलेटची जिज्ञासा होती आणि कंपनीच्या वकिलाची नजरही. ती चित्रे मॅलेटच्या संग्रहातून सातासमुद्रापार गेली. आज त्यांतील बरीचशी अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

पण त्याच संग्रहात एक असे चित्र आहे ज्यात गंगारामाने स्वतःला आपल्या गुरूसमवेत रेखाटले आहे. एडवर्ड्सच्या चित्रात विद्या पंडिताच्या हातातून ब्रिटानियाच्या हातात जाते आणि पंडितांपैकी एकालाही नाव नाही. गंगारामाच्या चित्रात गुरू आहे, शिष्य आहे आणि दोघेही कोणी तरी विशिष्ट माणसे आहेत. विद्या देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या या दोन चित्रांत वर्षांचे अंतर फार नाही. अंतर आहे ते काढणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊक असण्याचे.

१०/
कोपऱ्यातील ते चित्र पुढे नागपूरच्या बाबतीत खरे होत गेले. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक गेले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. चित्रामुळे हे घडले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे घडवायचे होते ते आधीच झाले आहे, असे त्या चित्राने कित्येक वाचकांच्या डोळ्यांना सवयीचे केले.

एकोणिसाव्या शतकात नकाशांचे रूप बदलले. विल्यम लॅम्बटनने दक्षिणेकडून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत मोजणी वर आणली. नागपूरकडे निघालेला असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. या मोजणीवर आधारलेल्या नकाशांत ब्रिटानियाला जागा उरली नाही. रेषा, आकडे आणि खुणा राहिल्या. चित्र गेले म्हणून नकाशा निःपक्ष झाला, असे वाटू लागले. वास्तविक चित्रकार फक्त लहान झाला होता: मंदिराच्या खुणेएवढा, ताडाच्या झाडाच्या खुणेएवढा.

११/
नागपुरात याचे एक ठळक उदाहरण सिव्हिल लाइन्समध्ये उभे आहे. शून्य मैलाचा दगड पाहायला आलेला माणूस आधी चार घोडे पाहतो आणि उंच स्तंभ पाहतो. छायाचित्रही बहुधा घोड्यांचेच निघते. ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे वाक्य त्यासोबत येते.

तिथल्या १९०७ च्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या खुणेत मात्र नोंद आहे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची, सुमारे १०२० फूट. शेजारच्या षट्कोनी दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे कोरलेली आहेत. मोजणी तिचे काम मुकाट्याने करत राहते. लोकांच्या लक्षात राहतात ते घोडे, आणि देशाच्या मध्याची कथा त्यांच्या पाठीवर बसून गावोगाव जाते.

१२/
पुन्हा कोराडीकडे. नवरात्रात मंदिराकडे येणाऱ्या भाविकांसाठी नकाशा काढला तर त्याच्या कोपऱ्यात देवीचे चित्र येईल आणि चिमण्या बहुधा गळतील. वीज केंद्राच्या अहवालातील नकाशात चिमण्या अभिमानाने येतील आणि मंदिराला एक ठिपका मिळेल. दोन्ही नकाशांतली अंतरे अचूक असू शकतात. तलावही दोन्हींत निळाच असेल.

यापुढे जुना नकाशा हाती आला तर रेषा तपासाव्यातच, पण कोपऱ्यातील चित्राखालची बारीक अक्षरेही भिंगातून वाचावीत. ते कोणी मागवले, कोणी काढले, आणि काढणारा तिथे कधी आला होता का? १७८२ च्या त्या नकाशापुरते शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आणि ज्या नागपूरवर त्या चित्राची सावली पडली, तिथे त्या वर्षी कोणीही कोणाच्या हाती शास्त्र सोपवत नव्हते.