दोष देणे व दोष शोधणे

आपल्या भाषेत ‘दोष’ हा शब्द मोठा दुटप्पी आहे. त्याच्यापुढे ‘देणे’ हे क्रियापद ठेवले तर एक व्यापार होतो आणि ‘शोधणे’ हे ठेवले तर दुसराच होतो. पहिल्यासाठी समोर एखादा मनुष्य असावा लागतो. दुसऱ्यासाठी नुसती वस्तू असली तरी पुरते. पहिला व्यापार बसल्या जागेवरून करता येतो. दुसऱ्यासाठी उठावे लागते, वाकावे लागते आणि बहुधा हात मळवावे लागतात. इतका भेद असूनही नित्याच्या व्यवहारात आपण या दोहोंची गल्लत करतो, आणि दोष देऊन झाला म्हणजे तो सापडलाच, अशा समाधानाने घरी जातो. या गल्लतीचा विचार आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. परंतु त्याला आकार आला तो गेल्या आषाढात, एका जुन्या ट्रॅक्टरच्या सान्निध्यात.

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली नावाचे गाव आहे. गरम पाण्याच्या कुंडांमुळे मुंबई-ठाण्याकडील लोकांना ते ठाऊक असते. वज्रेश्वरीचे दर्शन आटोपावे, अकलोलीच्या कुंडात पाय बुडवून बसावे आणि दिवेलागणीच्या आत परतावे, असा त्यांचा क्रम. कुंडांच्या पलीकडे भाताच्या खाचरांचे एक अकलोली आहे, हे त्यांतील थोड्यांच्याच ध्यानात येते. आमचा एक जुना विद्यार्थी तेथला. तो ठाण्यास नोकरी करतो. त्याचा धाकटा भाऊ शेती पाहतो. गुडघ्यांचे निमित्त करून आम्ही वर्षातून एकदा त्यांच्याकडे दोन दिवस राहतो.

त्या खेपेस आम्ही पोहोचलो तेव्हा घरात कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते. राबातील आवण एकवीस-बावीस दिवसांचे झाले होते, म्हणजे लावणीस अगदी योग्य. खाचरांत पाणी तुंबले होते. चिखलणी करावयाची ती याच पाण्यात. कारण माती पाण्यासह घोटली गेली म्हणजे तिची छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपून न जाता रोपांच्या पायाशी टिकते. हे पाणी ओसरले तर पुढच्या सरींची वाट पाहावयाची, आणि तोपर्यंत आवण थोराड होऊन त्याला फुटवे कमी यावयाचे. अशा वेळी ट्रॅक्टर सुरू होईना. बैलांची जोडी वडिलांच्या हयातीतच विकली गेली होती. भाड्याचे ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या खाचरात गुंतलेले. आठवडाभर कोणी हाती लागण्याचा संभव नव्हता.

हा ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला. त्याचे कुलनाम सांगण्याचे प्रयोजन नाही. या वयात सर्वच कुळांची यंत्रे सारखी खोकतात. आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ साली, फरिदाबादेस. पुढे १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली व मुंबईच्या कांदिवलीतून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. जे यंत्र एके काळी नवलाईचे होते ते आता वडिलोपार्जित मालमत्तेत मोडू लागले आहे, आणि वडिलोपार्जित वस्तूंप्रमाणेच त्याच्यावरून भाऊबंदकीही होऊ लागली आहे.

ओसरीवर जो संवाद चालला होता त्याला आम्ही न्यायालय म्हणू. थोरल्याचे म्हणणे, धाकट्याने टाकी कोरडी पडू दिली. धाकट्याने टाकीत काठी घालून ओली काढून दाखवली; तर थोरला म्हणाला, हे डिझेल मागाहून भरलेले. धाकट्याचा प्रतिआरोप असा की दिवाळीस नवी बॅटरी आणावयाची होती ती थोरल्याने आणली नाही. आईने दोघांचाही निकाल लावला: “त्यांचे वडील असते तर ही वेळ येती ना.” शेजारचे एक वृद्ध काका वरच्या कोर्टाप्रमाणे बसले होते. त्यांचे मत, यंत्राचे वय झाले, ते भंगारात काढावे; आणि तालुक्यात गोदामांसाठी जमिनींना भाव आला आहे, तर जमिनीचेही काय ते एकदा पाहून घ्यावे. या वाक्यावर धाकट्याचा चेहरा उतरला. तेव्हा आमच्या लक्षात आले की खटला ट्रॅक्टरचा नव्हता. तीन एकर भातशेती ठेवावी की विकावी, या जुन्या वादात ट्रॅक्टरला साक्षीदार म्हणून उभे केले होते, आणि तो मुका असल्याने ज्याला जे हवे ते त्याच्या तोंडी घातले जात होते. दरम्यान दर दहा मिनिटांनी कोणी तरी उठून सेल्फ मारीत होता. संध्याकाळपर्यंत बॅटरीही उतरली. एका दोषाचे दोन झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाडीहून मिस्त्री आला. मोटारसायकलला लटकावलेली पिशवी, अंगावर पावसाळी कोट आणि बोलण्यात कमालीची काटकसर. त्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला: “शेवटचा बंद केलात, का बंद पडला?”

धाकटा थोडा घुटमळला. मग म्हणाला, “पडला. बांध चढताना दम खायला लागला, मग गप झाला.”

ही गोष्ट कालच्या दिवसभरात एकदाही बाहेर आली नव्हती. बांध चढताना म्हटले की, तू यंत्रावर जोर केलास, असे थोरला म्हणाला असता. म्हणून धाकट्याने ती पोटात ठेवली होती. दोष देण्याच्या व्यापाराचे सर्वांत मोठे नुकसान आम्हाला येथे दिसले. आरोपाच्या भीतीने माणूस नेमका तोच पुरावा लपवितो, ज्याच्यावाचून दोष सापडणे कठीण असते.

पुढील सारा शोध एका क्रमाने झाला. मिस्त्रीने दिवा लावून सेल्फ मारण्यास सांगितले. टक् असा आवाज झाला आणि दिवा विझल्यासारखा मंदावला. म्हणजे बॅटरी बसली. परंतु तो तेथे थांबला नाही. त्याच्या मते बॅटरी काल मेली होती आणि ट्रॅक्टर परवाच बंद पडला होता. कार्य कारणाच्या आधी येत नसते. शेजाऱ्याच्या टेम्पोची बॅटरी तारांनी जोडली. इंजिन जोरात फिरू लागले, पण पेट घेईना. मिस्त्री इंजिनाकडे न पाहता सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहत होता. “धूर नाही,” तो म्हणाला. “डिझेल पोचत नाही.”

वाचकांस येथे थोडे थांबविणे आवश्यक आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने ज्या कल्पनेचे पेटंट १८९३ साली मिळविले आणि जिचे यंत्र १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविले, तीत ठिणगीला स्थानच नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्याच न्यायाने या इंजिनात हवा सोळा ते वीस पट दाबली जाते. दाबल्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. तेव्हा इंजिन फिरत असूनही पेटत नसेल तर विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच उरतात. हवा पुरेशी येते का? ती पुरेशी दाबली जाते का? आणि फवारा पोहोचतो का? डिझेल आत जाऊन न जळता बाहेर पडले तर त्याची पांढरी वाफ दिसते. मुळीच काही दिसले नाही तर ते आत गेलेच नाही.

आम्ही तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवीत आहो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तील पर्वत, त्यावरील धूर आणि त्या धुरावरून होणारे अग्नीचे अनुमान आमच्या वर्गातून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. तेथेच असेही शिकविले जाते की धूर असेल तेथे अग्नी असतो, परंतु अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. म्हणून धुराच्या अभावावरून अग्नीचा अभाव सिद्ध होत नाही. मिस्त्रीचे अनुमान या नियमाच्या विरुद्ध आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण तसे नव्हते. त्याच्या शास्त्रात धूर ही अग्नीची खूण नसून इंधनाची खूण होती, आणि फिरत्या इंजिनात या खुणेचा इंधनाशी जो संबंध आहे तो त्याने शेकडो वेळा पाहिला होता. व्याप्ती नीट ठरवून मग अनुमान करावे, असे अन्नंभट्ट सांगतो. मिस्त्रीने तेच केले.

मग तो डिझेलच्या वाटेने उलटा चालू लागला. बंद करण्याची खुंटी ओढलेली नाही ना, हे पाहिले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला. लाइनीत एअर असेल तर येथे फेस येतो आणि तो संपून स्वच्छ धार लागली की काम होते. परंतु येथे फेसही थोडा आणि धारही थोडी. “मागून येत नाही,” एवढेच म्हणून त्याने टाकीखालची नळी सोडली. टाकीत काठीभर डिझेल असताना खाली उन्हाळ्यातल्या नळाप्रमाणे थेंब थेंब पडत होते. तोटी काढून त्याने तार घातली, तेव्हा तपकिरी गाळाचा एक गोळा बाहेर आला आणि मागोमाग भळकन् धार सुटली. दोष सापडला होता.

हा गाळ आला कोठून? फाल्गुनापासून ट्रॅक्टर अर्ध्या टाकीने पडवीत उभा होता. कोकणची हवा दमट. रात्री टाकीचा पत्रा गार झाला की, थंड पेल्यावर बाहेरून जसे पाणी सुटते तसे टाकीच्या रिकाम्या भागात आतून सुटते. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते आणि पत्रा गंजवू लागते. गंजाचे कण व गाळ तळाशी स्वस्थ पडून होते. ट्रॅक्टर बांधावर हिंदकळला तसे ते तोटीच्या तोंडाशी येऊन बसले.

टाकी धुऊन, फिल्टर बदलून, लाइनीतील एअर काढून पुन्हा सेल्फ मारला. प्रथम पांढरा धूर, मग एक-दोन ठसके, आणि मग ती ओळखीची धडधड. थोरल्याने विचारले, “म्हणजे चूक कोणाची म्हणायची?” मिस्त्री हात पुसता पुसता म्हणाला, “कोणाची काय दादा, अर्ध्या टाकीवर उभा ठेवला की असंच होतं. पुढच्या खेपेला टाकी भरून ठेवा.” या उत्तरात अपराधी कोणी नव्हता, पण करावयाचे काय ते स्पष्ट होते. कालच्या दिवसभराच्या खटल्यात अपराधी पुष्कळ निघाले होते. करावयाचे काय ते मात्र एकानेही सांगितले नव्हते.

दोष देण्याची घाई नव्या वस्तूच्या वाट्यासही येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज आड आला. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या समजाचे उत्तर शेवटी शेतातल्या तासाने दिले. उलट, जेथे प्राणांशीच गाठ असते तेथे शोध आणि आरोप वेगळे ठेवण्याचा नियमच केला गेला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघाताच्या तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणे एवढाच असतो. दोष वा जबाबदारी वाटणे हा नसतो. याचा अर्थ कोणी अपराधी नसतोच असा नव्हे. हलगर्जीपणाही असतो, लबाडीही असते, आणि त्यांना शासन झाले पाहिजे. पण ते काम दुसऱ्या जागी व दुसऱ्या वेळी करावयाचे. दोन्ही कामे एका ओसरीवर चालविली, तर आधी साक्षीदार गप्प होतात आणि मग यंत्र.

त्या दुपारी धाकट्याने दोन खाचरांची चिखलणी केली. थोरला पँट दुमडून आवण काढावयास बसला. जमिनीचा प्रश्न सुटला असे मात्र नाही. भाताचे उत्पन्न थोडे, भाव बेभरवशाचे, मुले शहरात. ही कारणे कोणा मिस्त्रीच्या पिशवीतील तारेने निघण्यासारखी नाहीत. रात्री जेवताना थोरला म्हणाला, “सर, विकायची की ठेवायची ते लावणी झाल्यावर बसून ठरवू. पण ट्रॅक्टर चालत नाही म्हणून विकायची, असं आता मला म्हणता यायचं नाही.” आम्हाला हे थोडे वाटत नाही. वाद राहिला, पण त्यातील एक खोटी साक्ष गळाली. आता त्यांना जमिनीविषयी बोलताना जमिनीविषयीच बोलावे लागेल.

ज्या पृष्ठांवर हे छापले जाईल तेथे ग्रंथांची परीक्षणेही येतात. ग्रंथ वाचताना मन कोठे तरी अडते, रस पोहोचत नाही; अशा वेळी लेखकास नावे ठेवणे सोपे असते. घरातील एखादे मूल अभ्यासात मागे पडते, दोन भावांचे बोलणे खुंटते, तेथेही तसेच. या सर्व ठिकाणी उपयोगी पडेल असा एकच प्रश्न आम्ही अकलोलीहून बरोबर आणला आहे. कोणी बंद पाडले, हे मागाहून पाहू. आधी धार कोठपर्यंत येते आहे ते पाहावे.