मुरड

आमच्या कॉलेजच्या एन.सी.सी.त फायरिंगचा दिवस संपला की एक कार्यक्रम ठरलेला असतो. रिकाम्या पुंगळ्या मोजायच्या. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्याच पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी कोणी घरी जायचे नाही. मागे एकदा एका पुंगळीसाठी आम्ही अकरा जणींनी पाऊण तास गवत विंचरले, आणि शेवटी ती एकीच्या बुटात सापडली. तेव्हा उन्हात गुडघे टेकून मी मनातल्या मनात म्हटले होते, 'ह्या पितळी टोपणाची एवढी काय किंमत?'

त्याचे उत्तर मला फार दूर मिळाले. २०२३च्या उन्हाळ्यात मी मामाकडे गेले होते. मामा अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. त्याच्या शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ होते. मामी त्यांना 'पलीकडचे आजोबा' म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात डाय बनवण्याचे काम केले होते. पिस्तुलाची नेमबाजी हा त्यांचा छंद. त्याच राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाची जागा आहे. तिथे १९०७ सालापासून नेमबाजीचे राष्ट्रीय सामने होत आले आहेत. तरुणपणी आजोबा तिथे जात.

एका रविवारी मामा मला त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. पाहते तो काय, सगळे झाल्यावर आजोबा कण्हत कुंथत खाली वाकले आणि पुंगळ्या वेचू लागले! मी म्हटले, "तुमच्याकडेही मोजून परत द्याव्या लागतात वाटतं?" ते हसले. म्हणाले, "परत कोणाला द्यायच्या? ह्या मी पुन्हा भरणार."

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. वस्तूच्या पोटात काय असते हे मात्र मला ठाऊक नव्हते. त्यात चार जिन्नस असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी छोटीशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बुडाची ती टोपी म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण; तिला प्रायमर म्हणतात. गोळी सुटली की चारांपैकी तीन संपतात आणि पुंगळी मागे उरते. ती सर्वांत महाग, आणि तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. आमच्या एन.सी.सी.च्या .२२च्या पुंगळीला हे भाग्य नाही. तिच्यात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती एकदा वाजली की तिचा जन्म संपला. आजोबांच्या पिस्तुलाचे काडतूस .४५चे होते. त्याची टिकली काढून नवी बसवता येते.

तिकडे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना हवाच. आणि तिकडच्या कायद्यातही माझ्यासारखीसाठी एक कलम निघाले. पाहुणी म्हणून व्हिसावर आलेल्या परक्या माणसाला, थोडे अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीसुद्धा काडतुसातच मोडते. आजोबांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितले. "तू कशालाही हात लावायचा नाहीस. पण माझे डोळे आता बारीक आकडे वाचत नाहीत. तू वाच आणि वहीत लिही." अशा रीतीने कला शाखेच्या विद्यार्थिनीला साजेसे काम मला मिळाले. हाती फक्त पेन.

त्यांच्या घराच्या तळघरात एक जाड लाकडी बाक होता आणि त्याला एक दांड्याचे प्रेस ठोकून बसवलेले होते. आपल्या सोऱ्याची आठवण व्हावी असेच यंत्र. दांडा ओढला की दट्ट्या पुंगळीला घेऊन वर जातो आणि पुंगळी डायमध्ये शिरते. सोऱ्यात चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. इथे डाय बदलला की काम बदलते. डायच्या अंगाला बाहेरून आटे असतात. त्यांचे माप ठरलेले: पाऊण इंचाहून एक सूत जास्त व्यास आणि इंचाला चौदा आटे. त्यामुळे एका कारखान्याचा डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसतो. आजोबांकडे तीन निरनिराळ्या कंपन्यांचे डाय होते आणि ते एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदत होते.

पहिला डाय पुंगळीला पूर्वरूपात आणणारा. स्फोटाने पितळ फुगते. हा डाय तिला दाबून पुन्हा मापात आणतो आणि त्याच ओढीत मधली सुई जुनी टिकली बाहेर ढकलते. हा डाय साध्या पोलादाचा असेल तर प्रत्येक पुंगळीला वंगण लावावे लागते, नाहीतर ती आतच रुतून बसते. आत टंगस्टन कार्बाइडचे कडे असेल तर वंगणाची कटकट नाही. "नव्या माणसानं इथे पैसे वाचवू नयेत," आजोबा म्हणाले. "पण ते कडं काचेसारखं ठिसूळ असतं. दट्ट्या त्याच्यावर आदळू द्यायचा नाही. मधे कागदाएवढी फट ठेवायची."

दुसरा डाय पुंगळीचे तोंड किंचित फुलवतो, गोळीचे बूड टेकावे इतकेच. जास्त फुलवले तर चारदोन खेपांतच तोंडाला चीर जाते. तिसरा डाय गोळी ठरल्या खोलीपर्यंत बसवतो. आणि मग चौथा. बहुतेक लोक तिसऱ्या डायकडूनच चौथ्याचेही काम करून घेतात, पण आजोबांना ते पसंत नव्हते. गोळी अजून खाली सरकत असतानाच पुंगळीचे तोंड आवळले जाते आणि तिच्या अंगाचे शिसे खरवडले जाते, असे त्यांचे म्हणणे. एका वेळी एकच काम, हा त्यांचा बाणा.

ह्या चौथ्या डायच्या कामाला मी माझ्यापुरते नाव ठेवले: मुरड. आई करंजीला घालते ती. पण काडतुसाची मुरड दोन जातींची असते. रिव्हॉल्व्हरच्या .३८ काडतुसाला बुडाशी रुंद कड असते. त्या कडेवर ते अडते, म्हणून त्याचे तोंड गोळीवरच्या खाचेत चांगले वळवून घालता येते. .४५चे काडतूस पिस्तुलाच्या नळीत अडते ते आपल्या तोंडाच्या काठावर. तो काठच वळवून टाकला तर त्याला टेकायला जागा उरत नाही. म्हणून त्याची मुरड नावापुरती. दुसऱ्या डायने जे फुलवले होते ते परत सरळ करायचे, त्याहून अधिक नाही. डाय निवडताना आधी हे पाहायचे, की काडतूस अडते कुठे.

ह्या मुरडीचे माप आजोबांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते: ०.४७१ इंच. ०.४७३ ही शेवटची हद्द. आपला सुतार सूत मोजतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथे त्या सुताचेही सव्वाशे भाग करायचे आणि एकेका भागाकडे लक्ष ठेवायचे! डायचा एक पूर्ण फेरा म्हणजे ७१ हजारांश, म्हणून आजोबा फेरा घेतच नसत. बोटाच्या पेराएवढे वळवीत, एक काडतूस काढीत आणि मापीत. पटले की डायभोवतीचा लॉकनट आवळीत.

आता माझी गोष्ट सांगते. त्या दिवशी शंभर काडतुसांना मुरड घालायची होती. दर पाचव्या काडतुसाला आजोबा तबकडीच्या व्हर्नियरमध्ये धरीत, मी वाकून काट्यावरचा आकडा वाचीत असे आणि वहीत लिहीत असे. म्हणजे वीस नोंदी. पहिल्या सातआठ मी नीट पाहिल्या. प्रत्येक वेळी ४७१. मग गावाकडच्या मैत्रिणींचे निरोप मोबाइलवर येऊ लागले. इकडे आजोबा व्हर्नियर पुढे करीत, मी तिकडे नजर टाकल्यासारखे करी, म्हणे "चारशे एकाहत्तर", आणि लिहून मोकळी होई. वीस नोंदी झाल्या. पान कसे सुबक दिसत होते!

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पिस्तुलाची नळी सुटी केली. ही त्यांची शेवटची परीक्षा. काडतूस नळीत सोडायचे. ते टप् असा आवाज करून आपल्या वजनाने बसले पाहिजे. पहिली काही बसली. मग एक अडकले. त्यांनी नळी पुसली. पुन्हा अडकले. दुसरे घेतले, तेही अडकले. त्यांनी वही उघडली, भिंग लावून माझे पान वाचले. सगळीकडे ४७१.

मला वाटले होते, ते माझ्याकडे पाहतील. त्यांनी पाहिले नाही. ते स्वतःच्या हातांकडे पाहत बसले. मग हळूच म्हणाले, "मापं तर बरोबर आहेत. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी होतंय. मुलगा कधीपासून म्हणतोय, हे आता बंद करा म्हणून. त्याचंच खरं असेल." आणि त्यांनी दिवा मालवला.

वाचकहो, त्या क्षणी मी बोलले असते तर ही गोष्ट बरी दिसली असती. मी बोलले नाही. घरी आले, जेवले, मामीला भांडी आवरू लागले. रात्री झोप लागेना. काडतूस नळीत पुरते बसले नाही तर फार तर पिस्तूल अडेल, अशी मी मनाची समजूत घालीत होते. पण अडले होते ते पिस्तूल नव्हे. माझ्या खोट्या आकड्यांवर विश्वास ठेवून एक म्हातारा माणूस आपल्या हातांवरचा विश्वास सोडायला निघाला होता. एका वहीत बारा आकडे खोटे लिहिले, एवढेच तर मी केले होते. बाकीचे त्या आकड्यांनी केले.

सकाळी चहा न घेताच मी कुंपणापलीकडे गेले आणि सांगून टाकले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग तळघरात गेले आणि सरळ प्रेसवरच्या चौथ्या डायला हात घातला. लॉकनट सैल होता. आदल्या दिवशी मनगट दुखत होते म्हणून त्यांनी तो पान्याने न आवळता नुसता बोटांनी फिरवला होता. दांड्याच्या प्रत्येक ओढीला डाय केसभर वर सरकत गेला आणि मुरड सैल पडत गेली. "सुटला तो माझ्या हातून," ते म्हणाले, "पण तू वाचलं असतंस तर पन्नासाव्या काडतुसाशीच सापडला असता. वही त्यासाठीच तर असते."

शंभरच्या शंभर काडतुसे पुन्हा मापली. ह्या वेळी मी प्रत्येक आकडा दोनदा वाचला. चाळीसपर्यंत ४७१, मग ४७२, ४७३, सत्तरीच्या पुढे ४७४ आणि ४७५. मी घाबरून विचारले, "आता सगळी फोडायची का?" ते म्हणाले, "नाही. कमी मुरडलेलं पुन्हा मुरडता येतं. जास्त मुरडलं असतं तर फोडावंच लागलं असतं. म्हणून डाय नेहमी कमीकडून जास्तीकडे आणायचा." त्यांनी डाय पुन्हा लावला, पान्याने आवळला आणि माप सोडलेली सगळी काडतुसे परत दांड्याखालून काढली. टप्, टप्, टप्. प्रत्येक आवाजाला माझ्या छातीवरचे ओझे थोडे थोडे उतरत होते.

हे सगळे शेवटी मारण्याच्या साधनासाठी, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. आजोबांनी कागदावरच्या वर्तुळाखेरीज कशावर नेम धरल्याचे मी पाहिले नाही, पण काडतुसाला कागद आणि काळीज यांतला फरक कळत नाही, हेही खरे. तो प्रश्न मी तसाच बरोबर घेऊन आले आहे. कदाचित म्हणूनच तिथे आकड्यांशी खोटेपणा चालत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटले, "ते पान फाडून टाकू? मी नवं लिहून देते." ते म्हणाले, "पान फाडायचं नाही. खाडाखोडही नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिही आणि सही कर."

बारा आकड्यांवर मी बारा रेघा मारल्या. सही कोणत्या भाषेत करू, म्हणून विचारले. "तुझ्या," ते म्हणाले.

ओहायोतल्या एका तळघरात ती वही आहे. तिच्या एका पानावर देवनागरीत माझी सही आहे, बारा वेळा. यंदा फायरिंगनंतर पुंगळ्या मोजण्याचे काम मी मागून घेतले. मुली कुरकुरल्या, पण मी दोनदा मोजल्या.