कोणाच्या कामाचे?

भंडारा जिल्ह्यात विडी कामगारांची मजुरी हजारावर मोजली जाते. इतक्या विड्या वळल्या, इतका दाम. म्हणूनच की काय, पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेताना आम्हांला एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. दम्यामुळे तेंदूपान सुटलेल्या एका मावशींनी तो थेट विचारला, “फादर, आता मी कोनाच्या कामाची?”

केरळच्या संत अल्फोन्सा वाकक्काड येथे शिक्षिका होत्या. आजारपणाने शाळा सुटली. पुढची बरीच वर्षे अंथरुणावर गेली आणि १९४६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. २००८ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, ते काही शाळेच्या हजेरीपटावरून नव्हे!

मावशींना आम्ही हे सांगितले खरे. परंतु थंड चुलीपुढे संतचरित्र पुरत नाही. तांदळाची सोय धर्मग्रामातील भगिनींनी केली, तीही आम्ही न सांगता. आम्ही मात्र मावशींकडे मागणेच मागितले: आजाऱ्यांची यादी हाती दिली आणि त्यांच्यासाठी रोज रोझरी म्हणण्याची विनंती केली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही उंबरा ओलांडण्यापूर्वीच मावशींनी विचारले, यादीतल्या तिसऱ्या आजोबांचा ताप उतरला का?