कुंपणाच्या बाजूने

कासच्या पठाराला तारेचं कुंपण पडावं म्हणून ज्यांनी हट्ट धरला, त्यांत मी होतो. त्यासाठी लेख लिहिले, साताऱ्यातल्या सभांत बोललो, कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांत ओट्यांवर बसून लोकांची समजूत घातली. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत कासही होतं. मग दर सप्टेंबरात रविवारी फुलं पाहायला जो लोंढा पठारावर येऊ लागला, त्याने माझी झोप उडाली. माणसं तेरड्याच्या ताटव्यात लोळून फोटो काढत होती. जांभ्या कातळावर मातीचा थर तो केवढासा! त्यातच सीतेची आसवे, गेंद, दीपकाडी यांचा सगळा संसार. एकदा ती माती बुटांनी उखडली की पावसाबरोबर जाते आणि तिथे परत काही उगवायला वर्षं लागतात. माणसांना आवर घालणं भागच होतं, हे मला आजही वाटतं. चूक त्याच्या पुढची आहे. त्याच तारेने गुरंही बाहेर राहतील, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. चराई म्हणजे ऱ्हास, हे समीकरण माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ते तपासून पाहावं असं मनातही आलं नाही. गावातल्या बैठकीत मी ठामपणे सांगितलं, ‘म्हशी खाली ठेवा, फुलं वाढतील, पर्यटक येतील, तुमच्याच पोरांना काम मिळेल.’ एक म्हातारे शेतकरी कोपऱ्यातून म्हणाले, ‘सर, गुरं न्हाईत तर गवात वाढतंय. गवात वाढलं की बारकं फूल मरतंय. त्याला तार काय करनार?’ मी त्यांना समजावलं. त्यांच्या बोलण्यात म्हशींची काळजी आहे, एवढंच मी ऐकलं. पिढ्यान् पिढ्या त्याच माळावर गुरं राखलेल्या माणसाने मला एक निरीक्षण सांगितलं होतं, ते माझ्या कानांपर्यंत पोहोचलंच नाही.

ते निरीक्षण खरं होतं. कासची नाजूक फुलं बोटभर उंचीची. त्यांना ओल लागते, ऊन लागतं आणि डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. सीतेची आसवे तर इतक्या निकस जागी जगते की मातीत न मिळणारं पोषण ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून मिळवते. अशा झाडाची स्पर्धा माणसाच्या पायाशी जेवढी, तेवढीच उंच गवताशी. गुरं ते गवत खुडून ठेवत होती. कुंपण आल्यावर काही वर्षांत गवताने कडेने उंची धरली, झुडपं आत सरकू लागली. पूर्वी जिथे निळा गालिचा दिसायचा तिथे गवताचे झुबके दिसू लागले. सगळा दोष तारेचा, असं मी म्हणणार नाही. जावळीतली पोरं मुंबईला माथाडीत, पुण्यात कारखान्यांत गेली, गोठे रिकामे होत गेले, चराई आधीपासूनच आटत होती. पण उरलीसुरली गुरंही हटवावीत असा आग्रह धरणाऱ्यांत मी होतो. पुढे चराई हवी हे मान्य झालं, कुंपण निघालं. त्या निर्णयाचं स्वागत करणारा लेख मी लिहिला, पण आधीचे माझे लेख चुकीचे होते हे त्यात लिहिलं नाही. ते आता लिहितो आहे.

रोजगाराचं माझं गणितही चुकलं. प्रवेशशुल्क, मर्यादित संख्या, गावांची समिती, वाटाडे, वाहनतळ ही व्यवस्था चांगलीच आहे, तिने पठार वाचवलं. पण मी ‘गाव’ असं एकच माणूस धरून हिशेब मांडत होतो. ज्या घरात हिंडता-फिरता तरणा मुलगा आहे त्याला हंगामात काम मिळालं. ज्या घरात दोन म्हशी आणि एक विधवा बाई, तिची चराई गेली आणि वाहनतळावर शिट्टी वाजवायला तिला कुणी बोलावलं नाही. वैरण विकत घेणं परवडेना, म्हशी विकाव्या लागल्या. शिवाय फुलांचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि तेव्हाच भाताची भांगलण, नाचणीची राखण, मागोमाग गवतकापणी. पोरं गाड्या लावायला उभी राहिली की शेतातलं सगळं बायकांच्या अंगावर पडतं. मी पठारावरून खाली खाचरात उतरून हे कधी पाहिलंच नव्हतं.

रस्त्याचंही तसंच. साताऱ्याहून कासला येणारा रस्ता पुढे बामणोलीला जातो. पर्यटकांना तो फुलांचा रस्ता वाटतो. बामणोलीच्या खोऱ्यातल्या लोकांचा तो दवाखान्याचा, बाजाराचा, कॉलेजचा रस्ता आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात त्यांची गाळाची शेतं बुडाली. वर उरलेल्या उतारांवर आणि माळांवर ती माणसं तगली. शनिवार-रविवारी दोन्ही कडांना गाड्या लागल्या की बामणोलीची एसटी अडकून पडते. गर्दीविषयी मी इतकं लिहिलं, पण त्या एसटीत बसलेल्या माणसाविषयी एक ओळ लिहिली नाही. फुलांवरच्या माझ्या लेखांनीही ती गर्दी वाढवली, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत जास्त खंत आहे ती जमिनींची. वनखात्याच्या हद्दीतल्या पठारावर आम्ही सगळं लक्ष एकवटलं. तेवढ्यात रस्त्याकडेची मालकीची पडीक जमीन हातोहात विकली गेली आणि तिथे हॉटेलं, बंगले उभे राहिले. ज्याला आम्ही पडीक म्हणत होतो ते कुणाचं गवताचं रान होतं, कुणाच्या झऱ्याचा माथा होता. गुरं पठारावर नको असं सांगताना ती मग कुठे चरतील, हा प्रश्न आम्ही विचारला असता, तर या जमिनींचं महत्त्व तेव्हाच ध्यानात आलं असतं. चराई बंद झालेला शेतकरी रस्त्याकडेचा तुकडा विकायला लवकर तयार होतो.

अलीकडे दुसऱ्या एका पठाराजवळच्या गावातले तरुण माझ्याकडे आले होते. त्यांना तिकीट, फलक, वाहनतळ याविषयी विचारायचं होतं. मी त्यांना आधी गावातल्या गुरांची घरनिहाय यादी करायला सांगितलं. कोणत्या महिन्यात कोणतं जनावर कुठे चरतं, गवत कोण कापतं, पाणी कुठून येतं, हे माळ तुडवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना विचारून नकाशावर मांडा म्हटलं. मग तो नकाशा ग्रामसभेत ठेवा, तिकिटाचं नंतर बोलू. ते थोडे नाराज होऊन गेले, पण यादीच्या कामाला लागले आहेत. पुढच्या भेटीत त्या गावाच्या वाड्यांवर मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे, फक्त ऐकायला.