पट्ट्यापट्ट्यांची टोपी

बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. लोकांची कर्जं मंजूर केली, थकलेल्यांची दारं ठोठावली, पण स्वतःच्या नावावर कधी एक रुपया उचलला नाही. डोंबिवलीतलं घरसुद्धा प्रॉव्हिडंट फंड आणि बांगड्या मोडून झालं. घरचे याला ताठा म्हणतात. म्हणोत. उतारवयात मात्र एक देणं अंगावर चढलं ते चढलंच. ज्या बाईचं ते आहे तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला आवडणार नाही, आणि तिला मराठी येत नसलं तरी भाषांतराचं यंत्र हल्ली सगळ्यांच्याच खिशात असतं.

ती डच. उन्हाळाभर स्वालबार्डच्या समुद्रात एका लहान जहाजावर गाइड असते. नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून कितीतरी उत्तरेला, ७४ ते ८१ अक्षांशांमधला हा द्वीपसमूह. लाँगयरबेन हे मुख्य गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. माझी भाची वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात आहे. स्वालबार्डमधल्या ‘हिमाद्री’ या आपल्या संशोधन केंद्रावर ती एक उन्हाळा काढून आली आणि मग मला घरात बसू देईना. “मावशी, गुडघे आहेत तोवर जाऊन ये.” २०२३च्या जुलैत गेले.

किनाऱ्यावर पहिलं पाऊल ठेवायच्या आधी जहाजाच्या हॉलमध्ये सगळ्यांना कपडे, पिशव्या, कॅमेऱ्याचे पट्टे घेऊन बसवतात. व्हॅक्यूम क्लीनर फिरतो, बुटांचे तळवे घासले जातात. बाहेरचं बी तिथल्या जमिनीत जाऊ नये म्हणून. पूर्वी ते थंडीनं मेलं असतं, आता तिथेही ऊब वाढते आहे. माझ्या ट्रेकिंगच्या पँटच्या दुमडीत तिला कुसळ सापडलं. पँट कैकदा धुतलेली, तरी नाणेघाटाचं कुसळ तिथेच रुतून बसलेलं. मी ओशाळले. ती मात्र चिमट्यात धरून ते दिव्यापुढे निरखत बसली. हे जमिनीत शिरतं कसं, असं तिनं विचारलं. भिजलं की पिळा सुटतो, स्वतःभोवती फिरतं आणि टोक आत घुसतं, एवढं मला माहीत होतं. तिनं बशीत पाण्याचा थेंब घेतला, कुसळ त्यात ठेवलं. ते गरागरा फिरायला लागलं तशी तिनं बाकीच्या गाइडांना हाका मारून बोलावलं. मग ते पाकिटात बंद करून नष्ट करायच्या कचऱ्यात टाकलं. नियम तो नियम. पण त्या पाच मिनिटांत मी पैसे भरलेली प्रवासी उरले नव्हते. मला काहीतरी ठाऊक होतं, आणि तिला ते हवं होतं.

पुढचे सगळे दिवस ती मला बोटीत शिडीच्या बाजूची जागा ठेवायची. रबरी बोटीत उतरताना हाताला हात द्यायचा नसतो, मनगटाला मनगट धरायचं असतं. ओल्या हातमोज्यातून हात निसटतो, मनगट निसटत नाही. माझे गुडघे तिनं पहिल्याच दिवशी ओळखले होते, पण त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

अ‍ॅमस्टरडॅम बेटावर स्मेरेनबुर्ग नावाची जागा आहे. सतराव्या शतकात डच व्हेल-शिकाऱ्यांचा इथे तळ होता. मारलेला व्हेल किनाऱ्याला ओढायचा, चरबीचे तुकडे तांब्याच्या कढयांत उकळायचे, तेलाची पिंपं भरून हॉलंडला धाडायची. भट्ट्यांभोवती सांडलेलं तेल, वाळू आणि गोटे मिळून जे दगडासारखे कठडे झाले, ते अजून तिथे आहेत. बोहेड व्हेल दोनशे वर्षंही जगू शकतो. पण तो पोहतो सावकाश आणि मेल्यावर तरंगतो, म्हणजे शिकाऱ्याला अगदी सोयीचा. या समुद्रातली त्यांची संख्या इतकी ढासळली की आज जेमतेम काहीशे असावेत असा अंदाज आहे.

तिथे उभी राहून ती म्हणाली, “हे आमच्या लोकांनी केलं. तेल आमच्या शहरांत जळलं.” गळा काढला नाही, भाषण केलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मुद्दल काही फिटणार नाही. मी दर उन्हाळ्यात येऊन थोडं व्याज भरते. व्याज भरत राहिलं की खातं जिवंत राहतं ना हो?”

आदल्या दिवशी जेवताना मी तिला माझी नोकरी सांगितली होती. मी खरं ते सांगितलं. नव्वद दिवसांच्या वर थकलं की खातं अनुत्पादित धरतात.

“मग माझं दर हिवाळ्यात बुडतं,” ती म्हणाली.

टोप्यांची गोष्ट तिनं तिथेच सांगितली. जवळच्या एका बेटावरची शिकाऱ्यांची थडगी १९८०मध्ये डच पुरातत्त्वज्ञांनी उकरली, तेव्हा मृतांच्या डोक्यांवर विणलेल्या लोकरी टोप्या निघाल्या. आता त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहेत. थंडीपायी माणसं इतकी गुंडाळलेली असत की डोळे तेवढे दिसत, म्हणून टोपीवरच्या रंगीत पट्ट्यांवरून कोण कोण ते ओळखायचं. शाळेत असताना तिनं त्या टोप्या पाहिल्या आणि उत्तरेचं वेड लागलं. व्हेल मारणाऱ्यांच्या टोप्यांनी तिला तिथे नेलं, यात तिला काही विसंगत वाटत नाही. मला वाटलं होतं. पण विणणाऱ्या बाईला पट्ट्यांची गोष्ट ऐकून टाके मोजावेसेच वाटणार, तसं माझं झालं.

आता अस्वल. घरी आल्यापासून सगळे त्याबद्दलच विचारतात, आणि माझ्या फोटोत पिवळट ठिपका पाहून गप्प होतात. लिफ्डेफियॉर्डमध्ये, मोनॅकोच्या हिमनदीच्या अलीकडे, एका सखल बेटावर मादी आणि तिचं पिल्लू होतं. समुद्री पक्ष्यांची अंडी शोधत असावी. आमच्या बोटी बऱ्याच दूर, इंजिनं मंद. मादीनं मान वर केली, हवा हुंगली आणि उठून उभी राहिली. त्याच क्षणी आमच्या गाइडनं वायरलेसवर दोन शब्द बोलून सगळ्या बोटी मागे वळवल्या. आमच्या बोटीत हाताएवढी लेन्स घेऊन बसलेले एक गृहस्थ होते. ते चिडले. किती मीटर ते कायद्यात लिहिलेलं नाही, असं म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं.

“कायद्यात तिला त्रास देऊ नका असं लिहिलंय,” ती म्हणाली. “ती उठली, म्हणजे झाला त्रास.”

उन्हाळ्यात बर्फ मागे हटला की सील मिळणं अवघड. मादी साठवलेल्या चरबीवर दिवस काढते आणि त्यातूनच पिल्लाला पाजते. उगाच धावायला लागलं तर त्याचा खर्च पिल्लाच्या वाट्यातून जातो. हे तिनं परतीच्या वाटेवर त्या गृहस्थांनाच शांतपणे सांगितलं. संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, कारण सूर्य मावळतच नव्हता, तिनं जहाजाच्या डेकवर मोठी दुर्बीण लावली आणि तिपाईचे पाय माझ्या उंचीला येतील इतके खाली घेतले. कितीतरी दूरवर पिल्लू आईच्या पाठीवर चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. मादी झोपली होती. मघाशी आम्ही पुढे गेलो असतो तर ती झोपली नसती. माझं देणं आहे ते हे. लाखो रुपये भरून आलेल्या माणसांना ऐन वेळी मागे वळवायला काय लागतं, ते मला पाहायला मिळालं. वसुली अधिकाऱ्याला हे कधी कोणी शिकवलं नव्हतं.

अल्केफिएलच्या कड्यावर हजारो गिलेमॉट पक्षी होते. उडताही न येणारी तीन आठवड्यांची पिल्लं कड्यावरून समुद्रात उडी घेतात, खाली बाप वाट बघत असतो आणि त्यांना घेऊन पोहत निघतो. ती मला माना मोजायला शिकवत होती. मला बापांचंच कौतुक. न्यू-ऑलेसुंडमध्ये रेडिओ-दुर्बिणीला अडथळा नको म्हणून फोन बंद ठेवावे लागतात. तिथे ‘हिमाद्री’ची पाटी दिसली, बाहेरून नमस्कार केला, आणि तेवढ्यात सुरय पक्ष्यानं डोक्यावर झडप घातली. भाचीला सांगितलं तर म्हणाली, त्यांनी तुला आपलं मानलं.

टिळकांचा विषय निघणारच होता. आमच्याकडच्या एका पुढाऱ्यानं १९०३मध्ये पुण्यात पुस्तक छापून वैदिक लोकांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये असल्याचं मांडलं, असं मी तिला सांगितलं. ते इथे कधी आले होते? आले नव्हते. मग कशाच्या जोरावर? उषेच्या वर्णनांच्या, म्हटलं. ती हसली नाही. लाँगयरबेनमध्ये तिनं एक हिवाळा काढला होता. ऑक्टोबरअखेर सूर्य जातो, फेब्रुवारीत परत येतो, पण डोंगरांच्या सावलीमुळे गावात मार्चमध्येच दिसतो. ८ मार्चला सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी त्याची वाट बघत जमतं. त्याआधी कित्येक आठवडे आकाशात नुसता निळा, मग जांभळा, मग गुलाबी उजेड चढत जातो. हे तिनं अर्धा तास सांगितलं. टिळकांचा सिद्धांत मला पटत नाही, पण घरी येऊन त्यांचं उषेवरचं प्रकरण काढलं तेव्हा तिचा आवाज कानात होता.

एक अवघड गोष्ट मी तिला विचारली. ही जहाजं तेल जाळून वितळता बर्फ दाखवतात, त्याचं काय? जड इंधन तेलावर २०२२पासून स्वालबार्डमध्ये बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. पण बाकीचं तेल आणि माझा विमानप्रवास होताच. “हिशोब जुळत नाही,” ती म्हणाली. “जुळतो असं प्रवाशांना सांगायला लावलं तर मी नोकरी सोडेन.” आयुष्यभर ताळेबंद पाहिलेल्या बाईला यापेक्षा प्रामाणिक उत्तर माहीत नाही.

घरी आल्यावर टोपी विणली. गडद निळी, तिच्यावर विटकरी आणि हळदी पट्टे. पोस्टानं पाठवली. धुक्यात दुसऱ्या बोटीवरचे तिला आता लांबूनच ओळखतात, असं तिनं कळवलं. टोपीनं देणं फिटलं असं मी मानलेलं नाही. लोकर स्वस्त असते.

२०२५च्या जानेवारीत तिचं लांबलचक पत्र आलं. नवे नियम लागू झाले होते. अस्वलांपासून ३०० मीटर दूर राहायचं, मार्च ते जून ५००. संरक्षित भागांत जहाजावर दोनशेच्या वर प्रवासी नकोत, आणि तिथे किनाऱ्यावर उतरायचं तर ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच. तिच्या आवडत्या काही जागा यात गेल्या. पुढेमागे पोटावरही येईल, असं तिनंच लिहिलं होतं, आणि खाली तीन उद्गारचिन्हं देऊन नियमांचं स्वागतही केलं होतं.

इकडे मी ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीनं जाते. फ्लेमिंगोंनी माना वर करून चालायला सुरुवात केली की नावाड्याला इंजिन बंद करायला सांगते. बोटीतली मंडळी वैतागतात. एका ताईंनी मला ऐकू जाईल असं “या कोण लागून गेल्या” म्हटलं. नावाडी मात्र हल्ली मी न सांगताच बंद करतो.

तिनं विद्यार्थिनी असताना सायबेरियात, तैमिरच्या टुंड्रात, छोट्या टिलव्यांच्या पायांत कड्या घातल्या होत्या. हे मुठीएवढे पक्षी तिकडे अंडी घालतात आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यांवर काढतात. त्यांचं दुसरं घर तिनं अजून पाहिलेलं नाही. येत्या जानेवारीत ते पाहायला ती येते आहे. भाची म्हणते, चांगलंसं हॉटेल बघून ठेव. मी सुरमई खातेस का म्हणून विचारलंय, आणि बाहेरच्या खोलीतली गादी पिंजायला टाकली आहे.