दरवाजांचे शहर आणि पायी येणारा माणूस

गावाला वेस असते, शहराला दरवाजे असतात. वेशीपाशी आलेला माणूस क्षणभर थांबतो, डोक्यावरचे गाठोडे सावरतो आणि मग आत शिरतो. जुनी शहरे वसली ती अशा चालत येणाऱ्या माणसांच्या मापाने. दोन बैलगाड्या शेजारून गेल्या, पालखी वळली, पाण्याची पखाल घेतलेला माणूस अंग चोरून निघाला, की रस्ता पुरेसा झाला. त्या मापाच्या रस्त्यांवर आज आपण मोटारी घातल्या आहेत आणि वर रस्त्यालाच दोष देतो, की तू अरुंद आहेस! पायातला जोडा लहान निघाला तर आपण जोडा बदलतो, पाय कापीत नाही. शहराच्या बाबतीत मात्र नेमका पायच कापायला निघालो आहोत.

आम्हा टेंभुर्णीकरांचे मोठे शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. जालन्याला गाडी बदलायची आणि पुढे जायचे. खत-बियाणे, लग्नाचा बस्ता, कोर्टकचेरी, विद्यापीठातले काम, दुखणेबाणे, सगळ्याला शेवटी तेच शहर. त्याला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. त्या बावन्नांपैकी आज थोडेच उभे आहेत. मलिक अंबराने १६१० साली खडकी या नावाने हे गाव वसवले आणि दोन वर्षांनी, १६१२ मध्ये, भडकल दरवाजा उभारला. पुढे १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मकाई म्हणजे मक्केकडचा दरवाजा आणि पूर्वेच्या दरवाजाला नाव होते जालन्याचे. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. ज्या दिशेने माणसे येतात त्या दिशेचे नाव शहराने आपल्या दाराला द्यावे! म्हणजे हे शहर जेवढे आत राहणाऱ्यांचे, तेवढेच बाहेरून येणाऱ्यांचेही होते.

हाच मलिक अंबर पाण्याच्या नहरीसाठीही प्रसिद्ध आहे. डोंगराकडचे पाणी त्याने जमिनीखालच्या मार्गाने शहरात आणले आणि तेही केवळ उताराच्या बळावर. जबरदस्ती नाही, धडपड नाही. पाण्याला कुठून यायला सोपे जाईल हे आधी पाहिले आणि मग त्याची वाट आखली. नियोजन या शब्दाचा अर्थ मला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा या नहरीने अधिक शिकवला. पाण्यासाठी जो विचार चारशे वर्षांपूर्वी झाला, तो आज माणसांसाठी का होऊ नये?

आज काय दिसते? दिल्ली दरवाजा वाहनांच्या गराड्यात बेटासारखा उभा आहे. मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे खाम नदीच्या पुलांशी बांधलेले. पुष्कळ वर्षे मोटारींची रहदारी त्यांच्या पोटातूनच होत आली. हत्ती-घोड्यांसाठी बांधलेल्या कमानीखाली रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल आणि चारचाकी एकाच वेळी शिरू पाहतात. गुलमंडीवर, सिटी चौकात संध्याकाळी जाऊन पाहावे. कापड घ्यायला आलेली बाई दुकानाच्या पायरीवरून उतरते आणि पाय ठेवायला जागा शोधते. कडेला लावलेल्या गाड्या, गाड्यांपुढे हातगाडे, हातगाड्यांपुढे चालती वाहने. चालणाऱ्याने जायचे कुठून?

हा प्रश्न माझ्या घरात शिरला तो आजीच्या डोळ्यांमुळे. आजीने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. ऑगस्ट २०२२ पासून तिला एस्टीत तिकीट पडत नाही आणि मार्च २०२३ पासून बाया-मुलींना अर्धे तिकीट झाले, म्हणून तिच्यासोबत मीच जाते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, तेव्हा पाट्या वाचण्याचे आणि खिडकीवर बोलण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. टेंभुर्णीपासून शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत आजीला एक पैसा लागत नाही आणि त्रासही होत नाही. खरा प्रवास सुरू होतो तो एस्टीतून उतरल्यावर! स्थानकापासून भडकल दरवाजावरून घाटीपर्यंतचे अंतर फार नाही. शेतावर जाताना आम्ही याहून अधिक चालतो. पण शेताच्या वाटेवर कोणी अंगावर येत नाही. इथे दर चार पावलांना पदपथ संपतो, रस्त्यावर उतरावे लागते आणि मागून हॉर्न वाजतो. आजीला एका डोळ्याने धूसर दिसते, दुसऱ्याने त्याहून कमी. हॉर्न कोणत्या बाजूने आला हे तिला कळत नाही, ती जागच्या जागी उभी राहते आणि मग सगळेच तिच्यावर ओरडतात. रिक्षा केली तर एस्टीत वाचलेले पैसे त्या एवढ्याशा अंतरात जातात. तिसऱ्या खेपेला ती रस्त्याच्या मध्येच माझा हात घट्ट धरून म्हणाली, "हा रस्ता काय मानसायसाठी नाही, माय. डोळा गेला तर जाऊ दे, पण पुन्हा तिकडं नाही येत मी." आणि खरोखरच पुढच्या तारखेला ती आली नाही. वडिलांनी समजावले, मी समजावले. ती हलली नाही.

सरकारने तिचे तिकीट माफ केले. उपचाराची सोयही आहे. या दोन चांगल्या गोष्टींच्या मध्ये थोडासा रस्ता आडवा आला आणि दोन्ही व्यर्थ गेल्या. वाहतुकीचे नियोजन हा इंजिनिअर मंडळींचा कोरडा विषय आहे असे मानणाऱ्यांनी या रस्त्याचा विचार करावा. कोणाचा डोळा राहायचा आणि कोणाचा जायचा, हेही तिथे ठरते.

यावर सर्वांना सुचणारा उपाय एकच, रस्ता रुंद करा. जुन्या भागात रुंदीकरण म्हणजे कोणाची तरी ओसरी, कोणाचे दुकान, एखाद्या तटाचा तुकडा. बरे, एवढे पाडूनही रस्ता मोकळा राहतो काय? रस्ता रुंद झाला की जो माणूस काल गाडी घेऊन येत नव्हता तोही येऊ लागतो. आमच्याकडे म्हण आहे, नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. तसाच हा प्रकार. साधा हिशेब करून पाहावा. चाळीस माणसे एका बसमध्ये मावतात. तीच माणसे दोन-दोन करून चारचाकीतून निघाली तर वीस गाड्या होतात आणि त्या वीस गाड्या बाजारात पोचल्यावर उभ्या करायला वीस जागा लागतात. गुलमंडीला एवढी जागा मलिक अंबरानेही ठेवली नव्हती. भारत सरकारच्या २००६ सालच्या नागरी परिवहन धोरणात हेच तत्त्व आहे, की रस्ता वाहनांसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे. तत्त्व उत्तम आहे. ते धोरणाच्या कागदावरून रस्त्यावर उतरायला हवे एवढेच!

मग करावे काय? मला वाटते, अर्धे उत्तर आमच्या आठवडी बाजारात आहे. बाजाराच्या दिवशी मालाचे टेम्पो पहाटेच येतात, माल उतरवतात आणि निघून जातात. दिवस वर आल्यावर त्या गल्लीत ट्रॅक्टर घालण्याचा विचार कोणी शहाणा माणूस करीत नाही. मोटारसायकली अलीकडेच उभ्या राहतात. हे कोणी फलक लावून सांगितलेले नाही. एकच जागा वेळ वाटून घेतली तर सर्वांना पुरते, ही जुनीच समज आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ साली जवळपास हेच नियम म्हणून आणले गेले. लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव करण्याचे ठरले. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस चालणाऱ्यांच्या हवाली केला. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने तर आपला मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्येच मोटारींना बंद केला. तिथले व्यापारी आधी घाबरले होते. गिऱ्हाईक गाडीशिवाय येणार कसे? पण गिऱ्हाईक आले, रेंगाळले आणि धंदा बुडाला नाही. गाडीतून जाणारा माणूस दुकानाच्या पाटीकडे पाहतो; पायी जाणारा दुकानातल्या मालाकडे पाहतो, हा फरक व्यापाऱ्याला सांगायला नको.

आपल्या शहरातही सुरुवात झालेली नाही असे नाही. स्मार्ट सिटी योजनेतून २०१९ च्या सुरुवातीस शहर बस धावू लागली. केंद्र सरकारने रस्ते माणसांसाठी करण्याची जी देशव्यापी स्पर्धा घेतली, तिच्या अकरा विजेत्या शहरांत २०२२ साली या शहराचे नाव होते. स्पर्धा जिंकणारे शहर रोजचा रस्ताही जिंकू शकेल असा भरवसा मला वाटतो.

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी आधी व्हाव्यात. बसस्थानक ते घाटी आणि बसस्थानक ते गुलमंडी असे दोन पदपथ सलग, सपाट आणि न तुटता व्हावेत. या दोन वाटांवर लहान बस वरचेवर फिरावी, तिची पायरी म्हाताऱ्या माणसाला चढता येईल एवढी खाली असावी आणि तिचे भाडे एस्टीच्या तिकिटातच धरावे. मालाच्या गाड्यांना पहाटेची आणि रात्रीची वेळ ठरवून द्यावी, खासगी गाड्या जुन्या तटाच्या रेषेबाहेर उभ्या कराव्यात. आणि हातगाडेवाल्यांना हाकलू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा ठरवून देण्याची सोय केली आहे. आजीसारख्यांना रस्त्यात घोटभर पाणी आणि दोन केळी देणारा तोच असतो.

यात अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. जुन्या शहरात राहणाऱ्या माणसाच्या घरी आजारी बाप असेल तर त्याच्या दारापर्यंत वाहन जायलाच हवे. रिक्षावाल्याचे पोटही याच गल्ल्यांवर आहे. त्याला बाहेर काढून नव्हे, त्याची जागा आणि फेरी ठरवून नियम करावा लागेल. दिल्लीसारखा नियम करणे सोपे, तो रोज पाळून घेणे अवघड. त्यासाठी बंदोबस्त लागतो, तसा लोकांचा होकारही लागतो. पण होकार विचारायचा तर तो सर्वांना विचारावा. नगराच्या सभेत व्यापारी बोलतात, गाडीवाले बोलतात, नगरसेवक बोलतात. जालना, जाफराबाद, भोकरदनकडून पहाटेच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणारा माणूस त्या सभेला कधी जाणार? त्याचे त्या शहरात मत नाही, घर नाही. परंतु शहराच्या बाजाराला त्याचा पैसा चालतो, मग शहराच्या रस्त्यात त्याचे पाऊल का चालू नये? पूर्वेच्या दाराला जालन्याचे नाव देणाऱ्या शहराने एवढा विचार करावा, अशी अपेक्षा ठेवली तर ती अवास्तव नव्हे.

पुढच्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गात प्रकल्प करावा लागेल, त्यासाठी मी विषय ठरवला आहे. बसस्थानकाच्या दाराशी एक दिवस बसायचे आणि कोणत्या गावाहून किती माणसे उतरली, त्यांतली किती पायी निघाली, कुठे निघाली, हे मोजायचे. रस्त्यावर वाहने मोजणारे पुष्कळ असतात. पायी चालणारी माणसे मोजलीच गेली नाहीत, तर त्यांच्यासाठी रस्ता आखणार कोण? मोजणीची वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत, त्यांत पहिला रकाना गावाचा आहे, दुसरा वयाचा आणि तिसरा, 'पुन्हा याल काय?' या प्रश्नाच्या उत्तराचा.