छप्पन्न मीटरचा टँकर

गावात नेतृत्व घडवायला हवं, असं बाहेरून आलेलं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आमच्या माण तालुक्यात टंचाई पाण्याची. पुढाऱ्यांची कधीच नव्हती. सोसायटीचा चेअरमन, डेअरीचा चेअरमन, यात्रा कमिटी, गणेश मंडळ, एक आजी सरपंच आणि चार माजी. शिवाय ही माणसं कामाची. यात्रेच्या आदल्या रात्री मंडप उडाला तरी सकाळी पंगत वेळेवर बसते. मंडळाचा पोरगा घरोघर फिरून वर्गणी काढतो, कोण किती देईल आणि कुणाला दोनदा विचारायचं नाही हे त्याला तोंडपाठ असतं. असली शिकवण कुठल्या शिबिरात मिळत नाही.

पण या शाळेत बायकांना प्रवेश नाही. आम्ही चुलीपाशी. दुसरं म्हणजे, हाक मारली की आपापल्या गटाचीच माणसं येतात. वरच्या आळीच्या मांडवात खालची आळी जेवायला येते, वाढायला येत नाही.

2018 साली गावानं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये उतरायचं ठरवलं. गावागावांतल्या पाणलोटाच्या कामांची ही स्पर्धा 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि आमच्याच सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली. कोरेगावातलं वेळू पहिलं आलं आणि आमच्याकडच्या कट्ट्यांवर बोलायला विषय मिळाला. प्रशिक्षणाला गावातून पाच जण पाठवायचे होते, त्यांत बायकाही हव्यात. पुरुषांची नावं ग्रामसभेत चहा यायच्या आत ठरली. बायकांच्या नावाला सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी बचत गटाची सचिव, हिशेब लिहिते, म्हणून माझं नाव कुणीतरी पुढं केलं. दुसरी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी. तिच्या वडिलांनी होकार दिला तो माझ्या सोबतीवर. माझे मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी तमिळनाडूत, फोनवर म्हणाले, "आईला विचार." आत्याबाई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्हशीचं मी बघते. पण येताना नुसती गाणी शिकून येऊ नको."

गाणीही शिकलो, खेळही खेळलो. आमच्या पाचांत दोन्ही आळ्यांची माणसं होती, आणि एकमेकांच्या ताटात बघत जेवायची वेळ त्यांच्यावर बहुतेक पहिल्यांदाच आली होती. पण मला जे खरं उपयोगी पडलं ते गणित. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एक टँकर. आमच्याकडे वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडतो, तोही लहरीनं. तरी हेक्टरी साडेचारशे टँकर आभाळातून येतात, आणि आम्ही मार्चपासून तहसिलात एका टँकरसाठी अर्ज करतो. हे ऐकून त्या मुलीनं माझ्या हाताला चिमटा काढला. मग तिनं वहीत पुढचं गणित मांडलं : साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल समतल चर, एका मीटरला 180 लिटर. छप्पन्न मीटर चर एकदा भरली की एक टँकर जमिनीत.

गावात परतल्यावर मारुतीच्या पारावर सभा घेतली, तर आम्ही पाच, पुजारी आणि एक कुत्रं. भाषण करून माणसं येत नाहीत, हे आमच्यातल्या भाषण करणाऱ्यालाही त्या रात्री पटलं. दुसऱ्या दिवशी मुलीनं शाळेच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 56 मीटर = 1 टँकर. खाली काहीच नाही. संध्याकाळपर्यंत डेअरीवर तोच विषय. हे कोण म्हणालं, कसं म्हणाली, पोरगी शहाणी झाली का. भांडायला का होईना, लोक विचारायला आले. आम्ही पट्टी काढून मोजून दाखवलं.

7 एप्रिलच्या रात्री बारा वाजता श्रमदान सुरू झालं. पहिल्या रात्री गर्दी होतेच, मशाली असतात, पोरांना मौज वाटते. खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या सकाळी, तळहाताचे फोड फुटल्यावर. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष कामाला आला. त्याला मी म्हटलं, "दादा, वर्गणीला फिरता तसं माणसांना फिरा." त्याची पद्धत मी जवळून बघितली. तो कुणालाच "उद्या या" म्हणायचा नाही. "काकी, तुमचे पाच मीटर आंब्याच्या झाडापासून, शेजारी तुमची जाऊ," असं म्हणायचा. आपली जागा ठरलेली असली की माणूस येतो. नाही आला तर ते पाच मीटर मोकळे दिसतात आणि शेजारीणच विचारते. मी हजेरीची वही ठेवली. त्यात आळी लिहायची नाही, फक्त नाव आणि मीटर, एवढं मी हट्टानं पाळलं. म्हाताऱ्या आणि पोटुशींना मीटर नव्हते. त्या पाणी देत, पोरं सांभाळत, त्यांचीही नावं वहीत. आत्याबाईंनी आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते दोनदा वाचून घेतलं.

एक माजी सरपंच, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी आपली माणसं घेऊन वरच्या टेकाडावर नजरेनं चर धरली. नजर चांगली, पण उतार नजरेला फसवतो. समतल चरीचं पाणी जिथल्या तिथं उभं राहून मुरलं पाहिजे. एक टोक थोडं जरी खाली गेलं तरी सगळं पाणी तिकडं धावतं, भराव फोडतं, आणि खालच्या चरीही घेऊन जातं. म्हणून माथ्यावरची चूक पायथ्याला भोवते. मुलगी ए-फ्रेम घेऊन गेली. बांबूच्या तीन काठ्या, मध्ये दोरीला टांगलेला दगड. तिनं चरीच्या कडेनं पावलं टाकली. दोरी खुणेवरून सरकली. ती म्हणाली, "आबा, हे टोक खाली आहे."

"मी चाळीस वर्षं बांध घालतोय."

"व्हय आबा. पण दोरी बघा."

ती एवढंच बोलली. आबांनी फ्रेम उलटी धरायला लावली, दुसऱ्या जागी ठेवायला लावली. दोरी ऐकेना. मग त्यांनी आपल्याच माणसांना ओरडून ती चर बुजवायला लावली आणि पोरीला म्हणाले, "फक्की टाक, कुठं घ्यायची ती." पुढं रोज सकाळी तिची फक्कीची रेघ पडल्याशिवाय टेकाडावर टिकाव पडत नसे. ती कुणाची पुढारी झाली नाही, मोठ्यानं बोलायला आजही लाजते. पण तिची रेघ दोन्ही आळ्या मानत होत्या, आणि त्या रेघेला आळी नव्हती. हे मला अजूनही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

1 मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक, म्हणजे जलमित्र, आले. काहींनी फोटो जास्त काढले, माती कमी. चालायचंच, आमची पोरंही त्यांच्याबरोबर फोटो काढत होती.

बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर तालुक्यातल्याच टाकेवाडीचा आला, त्याचा हेवाही वाटला आणि अभिमानही. त्या पावसाळ्यात आमच्या चरी भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात टँकर आले, पण उशिरा आले.

वही मात्र कपाटात गेली नाही. 2020 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईची माणसं गावाकडं परतू लागली, त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं होतं. डबे कुणी करायचे, कुणी पोचवायचे, पाण्याची टाकी कुणी भरायची? मंडळाच्या अध्यक्षानं जुनी वही मागून नेली. कोण हाकेला येतो आणि कोण फक्त हो म्हणतो, हे त्यात मीटरमध्ये लिहिलेलं होतं. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या पाचांतला एक उभा राहिला आणि पडला. मतं पुन्हा आळीनंच पडली. त्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. खोरं एकत्र धरलं म्हणून शिक्का एकत्र पडतो, असं कुठं आहे?

बदललं ते ग्रामसभेत. कोरमला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. पूर्वी शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार सह्या गोळा करायचा आणि सभा झाली असं कागदावर व्हायचं. आता माणसं बसतात. त्याआधीची महिला सभासुद्धा खरोखर भरते, कारण त्या सभेला मी चहा ठेवत नाही, प्रश्न ठेवते.

सध्याचा प्रश्न बोअरचा आहे. विहिरींना पाणी वाढलं तसं ऊस आला, बोअर आले. त्यांतला एक आबांचा आहे आणि एक माझ्या चुलत दिराचा. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको, असं ठरवून ते पाळलं. ते उदाहरण आम्ही सभेत सांगतो, लोक माना डोलावतात. चर खणायला बोलावताना कुणाचं काही जात नव्हतं, घामच जात होता. इथं भावकीला तोंडावर नको म्हणायचं आहे, आणि ते कसं म्हणायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. गेल्या सभेत ठराव दोनदा वाचला, दोनदा पुढं ढकलला. मुलगी आता लग्न होऊन खटावात आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "वहिनी, बोअरवाल्यांची नावं नका वाचू. प्रत्येक विहिरीची पातळी मोजून दर महिन्याला भिंतीवर लिहा. नाव घ्यायचं तर लोकंच घेतील."

पट्टी आणली आहे. पहिली विहीर दिराचीच घेतोय, म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा राहणार नाही.